होडीत मावेल तेवढेच

माणसाची ओळख त्याच्या बोलण्यावरून पटते असे म्हणतात. मला मात्र ती त्याच्या सामानावरून पटते. कोणत्याही एस.टी. स्टँडवर अर्धा तास बसून पाहा. एक गृहस्थ काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन मुंबईला निघालेले असतात, तर दुसऱ्या कुणाचे कुटुंब एका रात्रीच्या मुक्कामासाठी अकरा नग मांडून बसलेले असते. त्यात फडक्याने तोंड बांधलेली लोणच्याची बरणी असते, आंब्याची करंडी असते, आणि ‘असू दे, लागेल’ या एकाच कारणासाठी घेतलेली एक मोठी पिशवी असते. गाडी लागली की नग मोजायचे, गाडी सुटली की पुन्हा मोजायचे. आपले बिऱ्हाड असे मोजत मोजतच पुढे सरकत असते.

एस.टी. ते सगळे पोटात घेते, आगगाडी बाकाखाली घेते. दोघीही मोठ्या मनाच्या. समुद्राचे तसे नाही. समुद्रावर आपण काय नेले, किती नेले आणि कुठे ठेवले, याचा जाब विचारला जातो, आणि तोही किनाऱ्यापासून दूर गेल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही सातजण कायाक घेऊन मालवणहून तेरेखोल नदीच्या मुखापर्यंत गेलो. चार दिवस, तीन मुक्काम, पन्नासेक किलोमीटर. पाच विद्यार्थी आणि दोन प्रशिक्षक. या सफरीविषयी मला सगळे विचारतात ते लाटांबद्दल. पण मला आठवते ती त्याआधीची बांधाबांध. ती पंधरा दिवस चालली होती, आणि खरे सांगायचे तर आमच्या घरातल्या तिघांची त्यात परीक्षा झाली.

आधी या होडीविषयी सांगते. तारकर्लीच्या वाळूवर पर्यटकांना तासावर मिळणारे रंगीत प्लॅस्टिकचे होडके आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावर नुसते बसायचे असते. समुद्रप्रवासाची कायाक निराळी. ती लांबीला पाच मीटर, पण रुंदीला जेमतेम दोन फूट. बसायला मध्ये एक भोक. त्या भोकात पाय पुढे पसरून बसले की कमरेखालचा माणूस होडीचाच होऊन जातो. बसण्याच्या जागेच्या पुढे आणि मागे आडव्या भिंती घालून दोन बंद कप्पे केलेले असतात. त्यांत पाणी शिरत नाही, म्हणून होडी उलटली तरी बुडत नाही. सामान ठेवायचे ते याच कप्प्यांत. मात्र कप्पा कितीही लांब असला तरी त्याचे तोंड लहान. मागचे जेवणाच्या ताटाएवढे, पुढचे त्याहून लहान, नाश्त्याच्या बशीएवढे. जे या तोंडातून आत जाणार नाही ते येणार नाही. मग ते कितीही आवडीचे असो.

ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची. ग्रीनलंडसारख्या प्रदेशात झाड उगवत नाही. तिथल्या शिकाऱ्यांनी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा केला आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवले. होडी बांधायची ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने, पसरलेल्या हातांनी आणि वितींनी मोजून. शिंप्याकडे सदरा शिवावा तशी. भाला कुठे, दोरी कुठे, हे होडीच्या पाठीवर ठरलेले असे. डोळे मिटून हात टाकला तरी हवी ती वस्तू हाती लागली पाहिजे, कारण थंडगार पाण्यावर शोधाशोध करायला सवड नसते. हजारो वर्षे त्या लोकांचे पोट या होडीवर चालले. आपण तिला आज खेळाचे साधन म्हणतो, पण तिचा स्वभाव अजून कामकरी माणसाचाच आहे.

आमच्या बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहूबाजूंनी फिरून, खाली वाकून, तिच्या नाळेवर हात फिरवून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “ही होडी की पडवळ गो?”

बाबा आज रापणीवर असतात. त्याआधी कितीतरी वर्षे ते यांत्रिक नौकेवर खलाशी होते. आमच्या घरात दर्या हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे, पण तो पुरुषांच्या वाट्याचा. आई मासळी विकते, सुकवते, भाव करते. ती दर्यावर जात नाही. आजीही गेली नव्हती. त्यामुळे ‘चार दिवस होडीने जाणार’ हे वाक्य मी घरात पहिल्यांदा उच्चारले तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती कशाची होती हे सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

२००९ सालच्या नोव्हेंबरात कोकण किनाऱ्यावरून फयान वादळ गेले. मी तेव्हा पाच वर्षांची होते. वादळ आले तेव्हा बाबांची नौका बाहेर होती. इंजिनात पाणी शिरले आणि ते बंद पडले. दोन रात्री ती नौका नुसती वाहत राहिली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका नौकेने तिला दोर लावून ओढून देवगड बंदरात आणले. त्या वादळात किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले पुरुष परत आले नाहीत. आमचे आले. मला त्यातले फार थोडे आठवते. डोक्यावरून पदर घेऊन आई वाळूत उभी आहे, वाऱ्याने पदर फडफडतो आहे, आणि मी तिच्या निऱ्या धरून उभी आहे, एवढेच. त्याबद्दल घरात नंतर कोणी बोलले नाही. बाबांकडून मी त्या दोन दिवसांविषयी एकच गोष्ट ऐकली आहे. दोन दिवस जेवण मिळाले नाही ते त्यांना आठवत नाही, दुसऱ्या दिवशी पाणी संपले ते आठवते.

म्हणून त्या संध्याकाळी मी हो-नाहीची वाट पाहत बसले होते. आई चुलीकडे तोंड करून बसली. बाबा जाळे सांधत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी सुतळी दातांनी तोडली आणि विचारले, “पाणी कितक्या नेतलंस?”

ही परवानगी होती. आईलाही ते कळले, कारण ती उठून आत गेली.

पाण्याचा हिशेब आमच्या प्रशिक्षकांनीही पहिल्याच दिवशी सांगितला होता. उन्हात वल्हवणाऱ्या माणसाला पिण्याला आणि रांधण्याला मिळून दिवसाला चार लिटर पाणी धरायचे. वाटेत रोज गाव लागणार होते, विहिरी होत्या, तरीही प्रत्येकाने दोन दिवसांचे पाणी जवळ ठेवायचे. म्हणजे आठ लिटर. एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे आठ किलो नुसते पाणी. बाबांनी बोटांवर मोजले आणि आणखी दोन लिटर वाढवले. “आधी पाणी. खाणा मागसून.” त्यांचा हिशेब पुस्तकातला नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही.

पण दहा लिटरचा एक मोठा कॅन कप्प्याच्या तोंडातून जात नाही. शिवाय तो अर्धा रिकामा झाला की आतले पाणी हिंदकळते आणि होडी डुलू लागते. म्हणून पाणी घ्यायचे ते लहान बाटल्यांत. निम्म्या बाटल्या डाव्या अंगाला, निम्म्या उजव्या अंगाला, बसण्याच्या जागेच्या अगदी मागे, तळाशी. जड वस्तू खाली आणि मध्यावर, हलक्या वस्तू दोन्ही टोकांना, हा भरण्याचा मुख्य नियम. टोके जड झाली की होडी लाटेवर चढत नाही, लाटेत घुसते. बाबांना हे नवीन नव्हते. पूर्वी गलबत रिकामे परतायचे तेव्हा तळाला दगड भरीत, त्याला नीरम म्हणत. गलबत वाऱ्याने कलंडू नये म्हणून ते ओझे. “तुझा पाणी म्हणजे तुझा नीरम,” बाबा म्हणाले. पाणी पिऊन संपत जाईल तसे काय करायचे, असे मी विचारले. प्रशिक्षकांनी सांगितलेलेच उत्तर त्यांनीही दिले. दोन्ही अंगांचे सारखे प्यायचे.

आता कपडे. घरातून निघताना आपण कपडे मोजतो ते दिवसांवर: चार दिवस, चार जोड. समुद्रावर ते मोजायचे दोनवर. एक ओला जोड आणि एक सुका. ओला जोड होडीत घालायचा. तो रोज भिजणार, रोज खारणार. सुका जोड किनाऱ्याला लागल्यावर, अंग पुसून, तंबूत घालायचा. सकाळी कितीही थंडी असली तरी सुका जोड उतरवून तोच गार, ओला, खारट जोड पुन्हा अंगावर चढवायचा. सफरीतला हा सगळ्यात कठीण क्षण, असे प्रशिक्षक म्हणाले होते, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. पण सुका जोड एकदा भिजला की रात्री अंगाला ऊब द्यायला काहीच उरत नाही. जीन पँट कोणी घ्यायची नाही. भिजली की ती दगडासारखी जड होते आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही.

हे सुके ते सुके राहावे म्हणून जलरोधक पिशव्या असतात. तोंड तीन वेळा घट्ट गुंडाळायचे आणि चाप लावायचा. गुंडाळण्यापूर्वी पिशवीला छातीशी धरून आतली हवा काढून टाकायची, नाहीतर ती फुग्यासारखी कप्प्यात जागा अडवते. एक मोठी पिशवी घेण्यापेक्षा पाच-सहा लहान घ्याव्यात. त्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसतात, आणि एक फुटली तरी सगळा संसार भिजत नाही. माझ्याकडे अशा तीनच पिशव्या होत्या. बाकीचे काम घरातल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी केले, एकात एक घालून. मासळीच्या धंद्यात अशा पिशव्यांना तोटा नसतो. वास मात्र त्यांच्याबरोबर फुकट येतो.

खाण्याचा विषय निघाला आणि आई पहिल्यांदा बांधाबांधीत उतरली. तोवर ती लांबूनच पाहत होती. तिने उकड्या तांदळाची पिशवी पुढे सरकवली. पेजेशिवाय मुलगी चार दिवस कशी राहील? पण उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, आणि आमच्या तिघांत एक लहान शेगडी आणि तिचा बेताचा गॅस. मी हे सांगितले तशी ती गप्प झाली. मग डबा उघडून तिने कुळथाचे पीठ काढले. पाच मिनिटांत पिठी होते, पोटाला आधार देते आणि वजनाला हलके. तिच्यापाठोपाठ पोहे, सोले, भाजलेले शेंगदाणे आणि मालवणी खाजे आले. आल्याचे आणि गुळाचे ते खाजे खिशात ठेवून होडीतल्या होडीत खाता येते. सुक्या सुंगटांची पुडी मात्र मी नको म्हटले. रात्री तंबूभोवती गावातली सगळी मांजरे गोळा झाली असती. आई हसली. त्या पंधरा दिवसांत ती हसली ते तेव्हाच.

पांघरुणावर मात्र आमचे अडले. जानेवारीत किनाऱ्यावर रात्री दव पडते, पहाटे तंबूचे कापड आतूनही ओले होते. आईने वाकळ काढली. आजीने शिवलेली, चार माणसांना पुरेल अशी. मी ती कप्प्याच्या तोंडाच्या मापाच्या ताटावर ठेवून दाखवली. दाबली, गुंडाळली, बाबांनी सुतळीने आवळून पाहिली. वाकळ जाणार नव्हती हे आम्हा तिघांनाही दिसत होते, तरी आम्ही तिघेही तिच्याशी झटत होतो. शेवटी आई म्हणाली, “मगे थंडीत काय पांघरतलंस गो?” तिच्या आवाजावरून मला कळले, की प्रश्न वाकळीचा नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन रात्रींत बाबांनी काय पांघरले असेल, हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता.

मी काही बोलले नाही. ती आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ती आजीचे एक जुने लुगडे घेऊन बाहेर आली. नऊ वारी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. तिने ते मधोमध दुमडले, दातांनी काठाला चीर पाडली आणि टर्रकन फाडले. अर्धे मला दिले, अर्धे घडी करून परत ठेवले. माझे अर्धे एका तांब्याएवढ्या जागेत मावले.

उरलेले सामान म्हणजे जे लागू नये म्हणून न्यायचे ते. अंगात घालायचे तरंगते जाकीट आणि त्याला बांधलेली शिट्टी. पाणी उपसायचा हातपंप. दोघांत एक जादा वल्हे, कारण वल्हे मोडले तर ते मोडते ते नेमके दोन गावांच्या मधोमध. औषधांची पेटी. विजेरी, आणि तिच्या काचेवर लावायला लाल कागद, कारण वायंगणीच्या किनाऱ्यावर आमचा मुक्काम होता आणि हिवाळ्यात तिथे कासविणी अंडी घालायला येतात. पांढऱ्या उजेडाने त्या माघारी फिरतात. एक खुरपे. ते कशासाठी हे पहाटे कळते. कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी. पाणी न शिरणाऱ्या पाकिटात मोबाईल, आणि तो बंद पडला तर म्हणून कप्प्याच्या झाकणावर आतून रंगाने लिहिलेले दोन क्रमांक: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यांना आणि ग्रामपंचायतींना आमचा मार्ग प्रशिक्षकांनी आधीच कळवला होता. तेही एक सामानच, फक्त ते गावात ठेवून जायचे.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला एक पुस्तक न्यायचे होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, आणि आमचा शेवटचा मुक्काम शिरोड्याला होता. त्यांचीच एखादी कादंबरी त्या वाळूत बसून वाचावी अशी फार इच्छा होती. ती पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. अखेर तिच्या जागी दोन बाटल्या पाणी गेले. मी एक चाळीस पानी वही आणि शिसपेन्सिल घेतली. पेनाची शाई पाण्याने पसरते. हा लेख त्याच वहीतून उतरला आहे.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी मला आणखी एक वस्तू दिली. करंगळीएवढ्या जाडीची, वीस हात लांब दोरी. दोन्ही टोकांना त्यांनी स्वतः फासे घालून दिले होते. “दोरयेशिवाय दर्यार जावचा नाय.” आम्हा प्रत्येकाकडे ओढण्याची दोरी होतीच, प्रशिक्षकांनी दिलेली, रंगीत आणि देखणी. मी तरीही ही घेतली. त्यांची नौका देवगडात आली ती दोरानेच ओढून आणली होती.

मग त्यांनी तिथी विचारली. पौष शुद्ध अष्टमी, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. आमच्याकडे भरतीची वेळ काढतात ती तिथीवरून. तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला सहा, म्हणजे ढोबळमानाने सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. अष्टमीला भांग असते, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी ओढ कमी. प्रशिक्षकांनी भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहून तोच दिवस निवडला होता. तक्ता आणि बाबा यांचे एकमत झालेले पाहून आईचा जीव किंचित भांड्यात पडला. किंचितच. पुढच्या रात्री पौर्णिमेकडे जाणार, म्हणून पाणी रोज थोडे वर चढेल, तंबू सुक्या शेवाळाच्या रेघेच्याही वर बांध, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर, समोर सिंधुदुर्ग उभा असताना, आम्ही होड्या भरल्या. होडी भरायची ती पाण्याजवळ. भरलेली होडी वाळूतून ओढली तर तिचे बूड खरवडते आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. तंबूच्या काठ्या दोन्ही निमुळत्या टोकांत. मागे पाणी, त्यावर धान्य. पुढे कपडे आणि आजीचे लुगडे. हाताशी पंप, शिट्टी, नकाशा आणि खाजे. होडीच्या पाठीवर उंच काही बांधायचे नाही, वारा त्याला धरतो. मग झाकणे लावायची, दाबून पाहायची, आणि होडी गुडघाभर पाण्यात नेऊन ती सरळ तरंगते का ते पाहायचे. माझी डावीकडे कलत होती. पाण्याची एक बाटली उजवीकडे केली. सरळ झाली. बाबा पाण्यात उभे राहून हे पाहत होते. आई वर, वाळूत, बोटीच्या सावलीला बसली होती.

सफरीबद्दल थोडक्यात सांगते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी तेलासारखे शांत असते. दुपारी वायव्येकडून वारा उठतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, पण लाटाही पाठीवर मिळतात. म्हणून सकाळी वल्हवायचे आणि दुपारी किनारा गाठायचा. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी समुद्राच्या लाटांना भिडून फुटत होते. आम्ही वाळूवर थांबून राहिलो. बाराच्या सुमाराला पाणी थबकले तेव्हा पलीकडे भोगव्याला गेलो. दुसऱ्या दिवशी निवतीच्या किल्ल्याखालून गेलो, वायंगणीला राहिलो. कासवीण दिसली नाही, तिची वाळूतली पावलांची रांग दिसली. तिसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याचे टोक वळसा घालून शिरोडा. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. त्या रात्री माझ्या बाह्या झटकल्या तर वाळूवर मीठ पडले.

आजीचे लुगडे पहिल्या दुपारी दोन वल्ह्यांना बांधून सावली झाले, दुसऱ्या सकाळी अंग पुसायला झाले, आणि तिन्ही रात्री पांघरूण झाले. दवाने ओले झाले तरी होडीच्या पाठीवर पसरले की तासाभरात वाळे. बरोबरच्या मुलांनी ते फार महागाचे काही असावे म्हणून चौकशी केली.

शिरोड्याच्या वाळूत झोपताना मला एका जर्मन माणसाची आठवण झाली. ऑस्कर श्पेक त्याचे नाव. १९३२ साली तो आपली घडीची कायाक घेऊन जर्मनीतल्या उल्म गावी डॅन्यूब नदीत उतरला आणि वल्हवत वल्हवत निघाला. इराणचे आखात ओलांडून, भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत १९३५ मध्ये तो श्रीलंकेला पोचला. पुढे १९३९ साली तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पाऊल टाकतो तर तिकडे महायुद्ध सुरू झालेले. जर्मन म्हणून त्याला कैदेत टाकले. सात वर्षे त्या होडक्यात जे मावले तेवढाच त्याचा संसार होता. आपल्या या किनाऱ्यासमोरूनही त्याचे वल्हे वाजत गेले असेल. त्याच्या पिशवीत कुणी काय घालून दिले होते, याचा विचार करता करता मला झोप लागली.

चौथ्या दिवशी तेरेखोलच्या मुखाशी उतरलो आणि संध्याकाळी टेंपोने घरी आलो. पडवीत मी पिशव्या रिकाम्या केल्या. औषधांची पेटी उघडलेली नव्हती, शिट्टी वाजलेली नव्हती, बाबांच्या दोरीचे फासे त्यांनी घातले तसेच होते. बाबांनी ती दोरी हातात घेऊन पाहिली आणि समाधानाने खुंटीला अडकवली. मग विचारले, “पाणी उरला?” मी दोन बाटल्या दाखवल्या. “उराकच व्हया,” ते म्हणाले, आणि जाळ्याकडे वळले.

आई लुगडे धुवायला घेऊन गेली होती. खारे पाणी चार वेळा काढून तिने ते दांडीवर टाकले. आत येऊन ती माझ्याजवळ बसली. वाटेत काय खाल्ले, कुठे झोपलीस, काहीच तिने विचारले नाही.

“दर्यातसून आपला घर दिसता गो?”

मी निघाले त्या सकाळी वळून पाहिले होते, म्हणून मला उत्तर माहीत होते. घर दिसत नाही, मी म्हणाले. नुसते माड दिसतात. वाळूवरची माणसे तर थोड्याच अंतरावरून दिसेनाशी होतात.

आई काही वेळ दांडीवरच्या लुगड्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मगे त्या येळाक मी दोन दिवस वाळूत उभी रवलंय, त्याचो काय उपेग?”

बाबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. त्यांचा हात मात्र थांबला.

“माका म्हायत होता मां,” ते म्हणाले.